मोरोपंतांच्या गावात ‘ओब्लिव्हियन’

वादाला तोंड फुटलं ते एका साध्या प्रश्नावरून. २२ एप्रिल २०२५ रोजी बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने आपला १९ वर्षांपूर्वीचा ‘ओब्लिव्हियन’ हा खेळ नव्याने सजवून विक्रीला आणला. त्याच दिवशी घोषणा, त्याच दिवशी विक्री. माझी मुलगी या खेळाची जुनी भक्त, पण तिने तो घेतला नाही. ती ‘स्कायब्लिव्हियन’ची वाट बघत होती. जगभरच्या हौशी मंडळींनी, एक छदामही न घेता, ओब्लिव्हियन हा खेळ त्याच कंपनीच्या ‘स्कायरिम’ या २०११ सालच्या खेळाच्या इंजिनात, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिल्यापासून उभा करायला घेतला आहे, त्याचं हे नाव. दहा-बारा वर्षं काम चाललंय. २०२५चा वायदा होता, तोही पुढे २०२६वर गेला.

माझे मामा तेव्हा इंदापूरहून आमच्याकडे बारामतीला आले होते. मराठीचे निवृत्त शिक्षक. घरात सगळेच त्यांना नाना म्हणतात. नातीचा हा हट्ट ऐकून त्यांनी विचारलं, “धन्याने स्वतः नवं करून दिलंय, मग परक्यांनी केलेल्याची वाट कशाला बघायची?” तिथून जे सुरू झालं ते दोन दिवस चाललं. जेवणं, चहा, लाइट जाणं-येणं आणि मूळ मुद्दा सोडून झालेली भांडणं वगळून ते इथे देतो. मी मध्ये पडलो नाही असं नाही, पण थोडाच.

नाना : आधी मला सांग, यात करायचं काय असतं? पत्त्यांसारखं जिंकायचं-हरायचं?

मुलगी : नाही हो नाना. यात एक भूमिका घ्यायची असते. सुरुवातीला तुम्ही कैदी असता. बादशहाच्या जिवावर मारेकरी उठलेले असतात आणि पळायची चोरवाट नेमकी तुमच्या कोठडीतून जाते. पुढे त्याचा खून होतो. मरायच्या आधी तो तुमच्या हातात घराण्याचा ताईत देतो. तिथून पुढे सिरोडिल नावाचा सगळा मुलूख मोकळा. ताईत योग्य माणसाकडे पोचवा, नाहीतर चोरांच्या टोळीत सामील व्हा, नाहीतर डोंगरात झाडपाला गोळा करत हिंडा. कुणी अडवत नाही. आणि बादशहाला आवाज पॅट्रिक स्टुअर्टचा आहे.

नाना : म्हणजे गोष्ट आहे. कुणीतरी लिहिलेली. मग तिच्यात दुसऱ्याने हात कशाला घालायचा?

मुलगी : कारण गोष्ट चांगली आणि घडण फसलेली. तुम्ही जसजसे तरबेज होता ना, तसतसं सगळं जग तुमच्याबरोबर तरबेज होतं. पहिल्या दिवशी फाटक्या कातड्यात अंगावर येणारा वाटमाऱ्या, तुमची लेव्हल वाढली की काचेच्या चिलखतात येतो. काच म्हणजे त्या मुलखातल्या महागड्या वस्तूंपैकी एक. आणि एवढं लेऊन तो तुमच्याकडे मागतो किती? शंभर नाणी.

नाना : मग ते चिलखत विकून जमीन का घेत नाही तो?

मुलगी : तेच तर! सगळे खेळणारे हेच विचारत होते.

नाना : आणि दुसरं म्हणजे, मग शिकून फायदा काय? मुलगा दहावीला गेला म्हणून शाळेतली सगळी गणितंच अवघड करून ठेवायची?

मुलगी : म्हणून ओस्क्युरो नावाच्या एका माणसाने आख्खा खेळ उसवला आणि परत शिवला. ‘ओस्क्युरोज ओब्लिव्हियन ओव्हरहॉल’. २००६ला खेळ आला आणि हे काम फार उशीर न होता त्याच्या मागोमाग आलं. त्याने काय केलं, तर जागेची भीती जागेला परत दिली. एखादी गुहा धोक्याची असेल तर ती पहिल्या दिवसापासून धोक्याची. तुम्ही नवखे असाल तर मराल. पळा, शिका, सहा महिन्यांनी परत या. आणि परत आलात की मात्र तिथला राक्षस तोच असतो, मोठे तुम्ही झालेले असता.

नाना : हे मला पटलं. पण एक सांग. ज्याने मूळ खेळ केला त्याला कदाचित असंच हवं असेल. खेळणाऱ्याची वाट कुठे अडू नये, नवख्यालाही सगळा मुलूख बघता यावा. तुमच्या त्या ओस्क्युरोने त्याचं म्हणणंच पुसलं की.

इथे ती पहिल्यांदा गप्प बसली. नानांचं म्हणणं खोटं नव्हतं. कुठेही जा, काहीही करा, हे त्या खेळाचं मूळ वचनच होतं आणि जग तुमच्याबरोबर वाढवायची युक्ती त्या वचनापोटीच आली होती. चुकलं ते प्रमाण. जाता जाता सांगतो, कंपनीने स्वतः या खेळात पहिली भर कसली घातली असेल? घोड्याचं चिलखत. एप्रिल २००६मध्ये, अडीच डॉलरला. जगभर हसं झालं. तेव्हा धन्याने केलं म्हणून ते चांगलंच, हा नानांचा पहिला मुद्दा मला तितकासा बळकट वाटत नाही.

मुलगी : नाना, दुरुस्ती आणि बदल यात फरक असतो हे आम्हाला कळतं. ‘ब्लडलाइन्स’ नावाचा दुसरा एक खेळ आहे, २००४चा. रक्तपिपासूंचा. ‘हाफ-लाइफ २’ ज्या दिवशी आला त्याच दिवशी हा आला आणि त्याच्या सावलीत मेला. करणारी ट्रॉइका कंपनी काही महिन्यांतच बंद पडली. खेळ अर्धाकच्चा. मध्येच बंद पडायचा, पुढे सरकायचाच नाही. तो वेर्नर श्पाल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हातात घेतला. नोकरी सांभाळून, वीसेक वर्षं तो त्याची दुरुस्ती करतोय. आज गॉग हे दुकान तो खेळ विकतं ते त्याची दुरुस्ती आत घालूनच. आणि दुरुस्तीचे दोन प्रकार आहेत. एक ‘बेसिक’, यात फक्त बिघाड काढलेले. दुसरा ‘प्लस’, यात मूळ कंपनीने वगळलेले प्रसंग शोधून परत जोडलेले आणि थोडे त्याच्या मनाचे फेरफार. तुम्हाला हवं ते घ्या.

नाना : पहिला प्रकार एकनाथांचा.

मुलगी : कसा?

नाना : ज्ञानेश्वरीच्या तीनशे वर्षांत नकला करकरून पाठ बिघडले होते. नाथांनी जुन्या पोथ्या जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ला, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः एवढा मोठा कवी! पण आपली एक ओवी त्यात घातली नाही. वर ताकीद दिली की इथे जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. याला म्हणतात दुरुस्ती. तुमचा तो प्लसवाला म्हणजे नरोटी.

मुलगी : आणि गावबा?

नाना : कोण?

मुलगी : तुम्हीच सांगितलं होतं. नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं, ते त्यांच्या शिष्याने पुरं केलं. गावबाने. मग ती नरोटी का नाही?

नानांनी चष्मा काढून पुसला. मास्तरला स्वतःचंच शिकवलेलं परत ऐकावं लागतं तेव्हा असं होतं.

नाना : गावबाला गुरूचा आशीर्वाद होता.

मुलगी : ओब्लिव्हियनवाल्यांनाही होता. खेळाबरोबर बेथेस्डाने ‘कन्स्ट्रक्शन सेट’ फुकट दिला होता, म्हणजे ज्या हत्यारांनी खेळ बनवला त्यातलीच हत्यारं खेळणाऱ्यांच्या हातात. आणि परवा नवा ओब्लिव्हियन आला तेव्हा कंपनीने स्कायब्लिव्हियन करणाऱ्यांना त्याच्या प्रती भेट पाठवल्या. अट एवढीच असते की खेळणाऱ्याकडे ओब्लिव्हियन आणि स्कायरिम दोन्ही विकत घेतलेले पाहिजेत. ही पायरसी नाही, नाना.

नाना : आणि कंपनीचं मन फिरलं तर?

मुलगी : तर संपलं. ते झालंय. ‘क्रोनो ट्रिगर’ नावाचा १९९५चा जपानी खेळ. चाहत्यांनी त्याच्यापुढची कथा रचली, ‘क्रिमसन एकोज’. पाचेक वर्षं खपून जवळजवळ पुरी केली. २००९च्या मे महिन्यात स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. प्रसिद्ध करायला थोडेच दिवस उरले होते. सगळं बंद.

नाना : कायद्याने बरोबरच आहे. ज्याचं त्याचं.

मुलगी : कायद्याने बरोबर, पण किती काळ? आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं. अमेरिकेत कंपनीने करवून घेतलेल्या कामाला प्रसिद्धीपासून ९५ वर्षं. २००६चा ओब्लिव्हियन २१०१ साल सरेपर्यंत बंद कुलपात. वाल्मीकींच्या मागे असा वकील असता तर आपल्या मोरोपंतांनी काय केलं असतं?

बारामतीत वाद घालायचा आणि मोरोपंत यायचे नाहीत, हे शक्यच नव्हतं. पन्हाळ्यावर १७२९मध्ये जन्मलेला हा पराडकर कवी कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आला, त्यांच्याकडे पुराण सांगू लागला आणि १७९४मध्ये इथेच गेला. मधली सुमारे चार दशकं त्याने या गावात बसून आख्खं महाभारत आर्येत आणलं, कृष्णाची कथा सांगितली, केकावली रचली आणि एकशे आठ रामायणं लिहिली अशी त्याची ख्याती आहे. एकशे आठ! एकाच गोष्टीची. दुसऱ्याच्या अभिजात कथेवर एवढं काम करणारा चाहता मराठीत दुसरा दाखवा.

नाना : पंतांना मध्ये आणू नकोस. ती भक्ती होती.

मुलगी : भक्ती होतीच, पण खेळही होता. निरोष्ठ रामायणात त्यांनी कसली अट घालून घेतलीय सांगा बरं.

नाना : ओठ लागतील अशी अक्षरं वापरायची नाहीत. प, फ, ब, भ, म बाद.

मुलगी : म्हणजे ‘राम’ हे नावच बाद! रामायण लिहायचं आणि राम म्हणायचं नाही. याला आम्ही ‘चॅलेंज रन’ म्हणतो. जादू न वापरता खेळ पुरा करायचा, चिलखत न घालता पुरा करायचा. ज्याला खेळ तोंडपाठ असतो तोच असल्या अटी घालून घेतो.

नाना : (हसत) आणि मंत्ररामायणात श्लोकांतून रामनामाचा मंत्र गुंफलाय. दामरामायणात तर कडव्याला कडवं साखळीसारखं अडकवलंय. चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांवर एवढं लिहिलं ते उगाच नाही. पण पोरी, खरं सांगू? त्या एकशे आठांतली बरीचशी आज कुणी वाचत नाही. कसरत आहे. यमकासाठी शब्द पिळलेत. माझा पंतांवर जीव आहे म्हणून सांगतो.

मुलगी : आमच्यातलेही बरेच मॉड, म्हणजे चाहत्यांनी खेळात केलेले फेरफार, कुणी खेळत नाही. हजारो पडलेत. मी तरी कुठे म्हणतेय की चाहत्याने केलं म्हणजे चांगलंच झालं?

नाना : मग माझा मुद्दा राहतोच. पंतांनी व्यासांच्या पोथीत हात घातला नाही. आपली वेगळी पोथी लिहिली आणि आत ‘मयूर’ म्हणून सही केली. व्यासांचं कुठलं आणि मयूराचं कुठलं हे वाचणाऱ्याला कळतं. तुमच्यात ते कळतं का?

मुलगी : चांगल्यात कळतं. कुठल्या आवृत्तीत काय बदललं याची यादी सोबत असते. श्पालची यादी वाचायला बसलात तर दुपार जाईल. वाईटात नाही कळत, हे कबूल.

नाना : आणि पोटाचं काय? पंतांना नाईक होते. तुमच्या या पोरांना कोण आहे? दहा-दहा वर्षं फुकट राबायचं आणि खेळ विकून पैसा कंपनीला. याला आमच्याकडे वेठ म्हणतात.

मुलगी : वेठ सक्तीची असते.

नाना : बरं, वेठ नको म्हणू. बिनपगारी म्हण.

मुलगी : पैसे द्यायचा प्रयत्न झाला होता. एप्रिल २०१५मध्ये वॉल्व्ह आणि बेथेस्डाने स्कायरिमचे मॉड विकायची सोय केली. करणाऱ्याला पंचवीस टक्के, बाकी कंपन्यांना. एवढा गदारोळ झाला की चार-पाच दिवसांत गुंडाळावं लागलं.

नाना : पंचवीस टक्के कमी पडले म्हणून गदारोळ?

मुलगी : तेही होतं. पण जास्त ओरडा खेळणाऱ्यांचा होता. आजवर फुकट मिळायचं त्याला पैसे का, म्हणून.

नाना : म्हणजे चाहत्याला चार पैसे मिळालेले चाहत्यांनाच बघवले नाहीत! कंपनीला ९५ वर्षं दिली आणि आपल्यातल्याला चार दिवस नाही दिले.

मुलगी : इतकं सरळ नव्हतं ते. एक मॉड दुसऱ्याच्या खांद्यावर उभा असतो. एकाने तलवार केली, तिची हालचाल दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा. विकायला काढली की वाटा कुणाचा किती? दुसऱ्याचं उचलून विकायला ठेवल्याच्या तक्रारी पहिल्याच दिवसापासून आल्या.

नाना : म्हणजे फुकट आहे तोवर भाऊबंदकी नाही.

मुलगी : (जरा वेळाने) हो. तसंच असेल. पण नाईक अगदीच भेटत नाहीत असं नाही. ओस्क्युरोला ओब्सिडियन कंपनीने कामावर घेतलं, २०१०च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’वर त्याने काम केलं. आणि तुम्ही एसटी स्टँडवर पोरांना ज्याच्यावरून ओरडता ना, ते पबजी, त्याचं मूळही एका माणसाने दुसऱ्याच्या खेळात केलेल्या मॉडमध्येच आहे.

नाना : मग ते चांगलं झालं असं मी म्हणायचं का?

मी हसलो. नानांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि विषय बदलला. आपल्या पोरांनी दुसऱ्याच्या घराला गिलावा करण्यापेक्षा स्वतःचं घर का बांधू नये, असं विचारलं. मुलीने पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ सांगितला. बाली आणि राजस्थानची छाप असलेला, देवदानवांच्या युद्धाचा खेळ. २०१७ला लोकवर्गणी मागितली ती पुरी पडली नाही, तरी नेटाने २०२०मध्ये बाहेर काढला. नानांना ते आवडलं. पण तिचं म्हणणं असं की एकदम स्वतःचं उभं करायला चित्रकार, संगीतकार, प्रोग्रॅमर, भांडवल सगळं लागतं. दुसऱ्याच्या तयार मुलखात एक गाव बांधून बघायला रात्रीचे दोन तास पुरतात. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे हाताला लागलं नाही ते तिला कन्स्ट्रक्शन सेटमध्ये एक दरवाजा उघडेना म्हणून रात्रभर जागताना कळलं. हे तिने कॉलेजात सांगू नये, एवढंच मी म्हणालो.

खरा वाद दुसऱ्या दिवशी झाला. त्याला कारण उजनी.

नाना : काल मी तुला नीट सांगू शकलो नाही. माझं गाव भीमेकाठी होतं. उजनीचं धरण १९८०ला पुरं झालं आणि आमचं गावठाण पाण्याखाली गेलं. सरकारने नवं गाव दिलं. आखीव रस्ते, मोजलेले प्लॉट, शाळा, पाण्याची टाकी. कागदावर जुन्यापेक्षा चांगलं. नावही तेच ठेवलं. पण आमच्या आईने मरेपर्यंत त्याला ‘प्लॉट’ म्हटलं, गाव म्हटलं नाही. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक होडीने फोटो काढायला जातात. मला जाववत नाही. तेव्हा कुणी जुन्या नावाने नवं, जास्त चांगलं करून देतो म्हणालं की माझ्या पोटात कालवतं. मग तो सरकार असो, कंपनी असो, नाहीतर तुझे मित्र.

यावर ती पटकन बोलली नाही, हे मला आवडलं.

मुलगी : नाना, ते धरणाने बुडवलं. आम्ही काही बुडवत नाही.

नाना : म्हणजे?

मुलगी : मॉड म्हणजे मूळ खेळावर ठेवलेला थर. काढून टाकला की खाली मूळ खेळ जसाच्या तसा. स्कायब्लिव्हियन आला तरी २००६चा ओब्लिव्हियन जागेवरच राहणार, उलट तो विकत घेतल्याशिवाय स्कायब्लिव्हियन चालणारच नाही. बुडवतात ते कंपन्या. ‘वॉरक्राफ्ट ३’ २०२०मध्ये ब्लिझर्डने नव्याने काढला आणि ज्यांनी जुना घेतला होता त्यांच्याही माथी नवीन मारला. जीटीएचे तीन जुने खेळ, ‘व्हाइस सिटी’ त्यातच आलं, २०२१ला नवे करून विकले, ते इतके वाईट की पात्रांचे चेहरे ओळखू येईनात. आणि नवे यायच्या आधीच जुने दुकानातून काढून टाकले. लोकांनी बोंब मारली तेव्हा परत ठेवले. व्हाइस सिटीचं पोट उकलून ते नव्या मशीनवर चालावं म्हणून चाहत्यांनी काम केलं होतं, तेही कंपनीने त्याच वर्षी नोटीस देऊन उतरवलं. तुमचं दुखणं खरं आहे. पण तुम्ही चुकीच्या माणसावर काठी उगारताय.

नाना : (बऱ्याच वेळाने) ओब्लिव्हियनवाल्या कंपनीने जुना ठेवलाय?

मुलगी : ठेवलाय. अजून विकतात.

नाना : मग त्यांनी केलेला नवा तू का घेत नाहीस? जुनं बुडवलं नाही म्हणतेस ना.

मुलगी : घेईन हो, स्वस्त झाला की. त्यांनी आत जुनंच इंजिन ठेवून वर अनरियल इंजिन ५चा मुलामा दिलाय. देखणा आहे. पण मला वाट बघायचीय ती वेगळ्या गोष्टीसाठी. मूळ खेळातले डोंगर-झाडी बरीचशी सॉफ्टवेअरने पसरलेली होती. दोन मैल चाललं तरी तेच झाड, तोच उतार. स्कायब्लिव्हियनवाले तो मुलूख हाताने परत रचतायत. कुठे दलदल, कुठे खडक, प्रत्येक शहराला आपला तोंडवळा.

नाना : म्हणजे मूळ म्हणतो ते सगळंच लेखकाने हाताने लिहिलेलं नव्हतं.

मुलगी : नव्हतं. काही ठिकाणी तर चूकच राहून गेली होती. एका बाईचा संवाद आहे. आवाज देणारी नटी वाक्य चुकली, मध्येच “थांबा, हे परत घेते” अशा अर्थाचं बोलली आणि वाक्य पुन्हा म्हटलं. ते कापायचं राहिलं आणि तसंच खेळात गेलं. पात्र गप्पा मारता मारता मध्येच थांबतं, परत सुरू करतं.

नाना : (मोठ्याने हसत) आणि नव्यात?

मुलगी : नव्यात कंपनीने ते तसंच ठेवलंय. मुद्दाम. मला विचाराल तर ते काढायला हवं होतं. ती गोष्ट नाही, तो बिघाड आहे. तुमचे एकनाथ असते तर काढलं असतं.

नाना : एकनाथांनी नकलकाराची चूक काढली असती. ही नकलकाराची नाही, मूळ प्रतीतली आहे. शिवाय १९ वर्षं लोकांनी ती ऐकलीय, हसलेत, पाठ केलीय. आता ती त्या पोथीची झाली. तळटीप दे, पण हात लावू नकोस.

मुलगी : कालपर्यंत नरोटी नरोटी करत होतात!

नाना : बाहेरून आणून घातली तर नरोटी. ताटात पहिल्यापासून असेल तर तो त्या घरचा रिवाज.

ती अजूनही हे मान्य करत नाही. माझा कौल विचाराल तर या एका वाक्यापुरता मी नानांच्या बाजूने आहे आणि बाकी बहुतेक सगळ्यात मुलीच्या. ज्याने जुनं जागेवर ठेवलं, काय बदललं त्याची यादी दिली आणि खाली आपलं नाव घातलं, त्याने वाटमाऱ्यांची चिलखतं उतरवावीत, डोंगर हलवावेत, एकशे आठ वेळा हलवावेत. पैशाच्या बाबतीत मात्र ती हरली असं मला वाटतं, आणि तिलाही वाटत असावं, कारण त्यावर ती नंतर बोललीच नाही.

निघायच्या आधी नानांनी खेळ बघायला मागितला. राक्षस, तलवारी यात त्यांना रस नव्हता. एका घरात शेल्फावरची पुस्तकं उघडता येतात हे कळल्यावर ते पुढे सरकले. या खेळात वाचता येतील अशी शेकडो छोटी पुस्तकं आहेत. इतिहास, प्रवास, नाटकंसुद्धा. “हे मराठीत कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मुलगी : कुठेच नाही.

नाना : का? हत्यारं फुकट दिलीत म्हणालीस ना?

मुलगी : मजकूर बदलता येतो. जपानबाहेर कधीच न आलेला ‘मदर ३’ चाहत्यांनी २००८मध्ये असाच इंग्रजीत आणला, आणि भाषांतर करणाऱ्याने ते कंपनीला फुकट देऊ केलं होतं. आपली अडचण लिपीची आहे. ओब्लिव्हियनच्या जुन्या फॉन्टमध्ये जागा मोजक्या चिन्हांची, तीही रोमन लिपी गृहीत धरून केलेली. काना-मात्रा कशाबशा बसवता येतील, पण जोडाक्षरं कोसळतात. आधी कुणीतरी ते सोडवायला हवं.

नाना : ते तुम्ही सोडवा. भाषांतराला मी बसतो.

नाना खरोखरच बसले आहेत. एका पुस्तकाचा कच्चा खर्डा वहीत तयार आहे. जुन्या खेळांच्या फॉन्टमध्ये देवनागरी जोडाक्षरं बसवण्याचं काम ज्यांना जमतं किंवा शिकायची तयारी आहे, अशा बारामती-इंदापूरच्याच नव्हे, कुठल्याही मराठी मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावं. फक्त काय बदललं त्याची यादी सोबत द्यावी, नाना ती तपासणार आहेत.